साखर तर आहेच, पण पांढऱ्या पेशीही
या चर्चेत एकाने म्हटलंय की डायबेटिक रेटिनोपथी (मधुमेहाने डोळ्याच्या पडद्याला होणारी इजा) निव्वळ साखरेने होते, प्रतिकारशक्तीचा त्यात संबंध नाही. साखरेने होते हे मान्य, प्रतिकारशक्तीचा संबंध नाही हे अजिबात नाही. डोळ्याच्या पडद्यातल्या केशवाहिन्या इतक्या अरुंद असतात की रक्तातल्या पांढऱ्या पेशीला, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशीला, अंग चोरूनच पुढे सरकावं लागतं. मधुमेहात वाहिनीच्या अस्तरावर आयकॅम-१ हे प्रथिन वाढतं, पेशी तिथेच चिकटते, पुढचं रक्त अडतं आणि अस्तर पाझरायला लागतं. ज्या उंदरांत हे प्रथिनच नव्हतं, त्यांना मधुमेह होऊनही पडद्याची हानी कमी झाली.

आणखी एक गोष्ट या चर्चेत कुणी मांडली नाही. संधिवातासाठी सॅलिसिलेट (ॲस्पिरिनच्या गटातलं, दाह कमी करणारं औषध) घेणाऱ्या मधुमेहींत रेटिनोपथी कमी दिसते, हे निरीक्षण १९६४ सालीच छापून आलं होतं. पुढे अमेरिकेतल्या ३,७०० हून अधिक रुग्णांच्या चाचणीत रोज ६५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन देऊन पाहिलं, रेटिनोपथीत काही फरक पडला नाही (संधिवाताचा डोस याच्या कितीतरी पट असायचा). तेव्हा कृपया हे वाचून कुणी आपल्या मनाने ॲस्पिरिन सुरू करू नका. डोळ्यात दिलेल्या, दाह शमवणाऱ्या स्टेरॉइडने मात्र पडद्याची सूज खरोखर उतरते, पण मोतीबिंदू आणि डोळ्यातला दाब वाढण्याची भीती राहते, म्हणून डॉक्टर ते जपून वापरतात.