वर्गावर शिकवणाऱ्याने एम.एड.साठी दोन वर्षं द्यावीत का?

सातपुडा: जि.प. शाळेत चौथीला शिकवते. बी.एड. झालंय, आता अभ्यासक्रम आणि अध्यापन याच विषयात पुढे शिकायचंय. २०१५ पासून एम.एड. दोन वर्षांचं झालं, आधी एका वर्षात व्हायचं. माझं मत: तरीही करावं. कोणत्या इयत्तेत काय, कशाच्या आधी काय, हे ठरवणाऱ्यांत वर्ग घेणारी माणसं हवीत आणि त्यांनी तो विषय नीट शिकलेला हवा.

खडूफळा: विरोध. एम.एड. मुळात बी.एड., डी.एड. कॉलेजात शिकवायला लागतं, आणि राज्यात डी.एड. कॉलेजं तर किती बंद पडली! तुम्ही बिनपगारी रजेवर जाणार, तिकडे तुमची चौथीची मुलं दुसऱ्याच कुठल्या वर्गात बसवणार. लघुशोधप्रबंधासाठी प्रश्नावली वाटायची, टक्केवारी काढायची, बांधून ठेवायचं. त्यातून पोरांना काय मिळतं?

गणिताच्या बाई: खडूफळा, बालभारतीची २०२३-२४ची पुस्तकं आठवा. दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून चार भाग केले, धड्यांमागे कोरी पानं जोडली. मुलं वेगळ्या वह्या आणतच राहिली आणि २०२५-२६ पासून ती पानं बंद झाली. राल्फ टायलर या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने अभ्यासक्रमाबद्दल १९४९मध्येच चार प्रश्न मांडले होते: हेतू काय, त्यासाठी अनुभव कोणते, त्यांची मांडणी कशी आणि हेतू साधला हे कळणार कसं? एम.एड.ला हे शिकवतात. माझ्या मते चौथा प्रश्न विचारायची सवय लागणं, एवढ्यासाठीसुद्धा ती दोन वर्षं सार्थकी लागतात.

खडूफळा: वह्या येतायत हे आम्हाला पहिल्याच महिन्यात दिसलं होतं. त्याला टायलर कशाला?

गणिताच्या बाई: दिसलं, आणि आपण स्टाफरूममध्ये बोललो. कुठल्या विषयाला पानं भरली, कुठल्या रिकामी राहिली, मुलं त्यांवर काय लिहीत होती, याची नोंद कोणी ठेवली? पुस्तकं ठरवणाऱ्या समितीपुढे ठेवता येईल असा एक कागद आपल्याकडे नव्हता. तो कागद तयार करणं हेच शिकायचं असतं.

रानवाट: मधला रस्ता आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २००६मध्ये प्राथमिक शिक्षणातलं एम.ए. सुरू केलं, ते नोकरी करणाऱ्यांना जमेल असं: काही आठवडे मुंबईत वर्ग, बाकी वाचन-लेखन आपापल्या गावी. सातपुडाताई, अशा धर्तीचं काही आधी शोधा. शाळा न सोडता शिकलं की वाचलेलं दुसऱ्या दिवशी वर्गात तपासता येतं.

खडूफळा: नोंदींचं बाईंचं म्हणणं पटलं. रजेचं अजिबात नाही. ज्या विद्यापीठात स्वतःच्याच वर्गावर प्रबंध करू देत नाहीत, तिथे प्रवेश घेऊ नका.

सातपुडा: मार्गदर्शकांना प्रवेशाआधीच हे विचारते. चौथीचा अपूर्णांक हाच विषय डोक्यात आहे: पुस्तकात आकृती रंगवून होते, मग मुलं पाव आणि अर्धा यांत मोठं कोणतं इथे का अडतात?

गणिताच्या बाई: आजपासून त्यांच्या चुका तारीख घालून लिहायला लागा.