मदत हवी आहे: मोटर सुरू होताच अंतराचे आकडे बिघडतात

आर्डुइनो उनो (मायक्रोकंट्रोलर बोर्ड), एचसी-एसआर०४ हा ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा सेन्सर आणि मोटर चालवणारा एल२९८एन ड्रायव्हर वापरून १२ व्होल्टची डीसी मोटर अशी चालवायची आहे, की अडथळा १०० सेंमीवर असताना पूर्ण वेग मिळावा आणि १० सेंमीवर ती थांबावी. मोटर बंद असताना आकडे स्थिर असतात. ती फिरू लागली, की पल्सइन (सेन्सरकडून येणाऱ्या पल्सची लांबी मोजणारे आर्डुइनोचे फंक्शन) मधूनच शून्य देते आणि मोटर हिसका घेते. मोटरचा वीजपुरवठा वेगळा असून ग्राउंड सामाईक आहे, मोटरच्या टर्मिनलवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर आहे आणि दोन मोजण्यांत ६० मिलिसेकंदांचे अंतर आहे. पाच मोजण्यांचा मध्यक घेतल्यास हिसके थांबतात, परंतु प्रतिसादाला होणारा उशीर सुरक्षिततेच्या दृष्टीने मला मान्य नाही. सेन्सर बदलणे शक्य नाही. अशा वेळी शून्य वगळून आधीचा आकडा किती काळ ग्राह्य धरावा, की सेन्सरच्या पुरवठ्यावरील विद्युत गोंगाट आधी रोखावा, आणि तो कसा?