काळवीट बघायला जाताना फोन गाडीतच ठेवावा का?

गोदाकाठचा काका: माझा भाचा अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो, लायसन काढून हरणाच्या शिकारीला जातो. (आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद, तो वाद नको.) तो म्हणतो पहाटे मचाणावर चढलं की फोन बॅगेच्या तळाशी. दुसऱ्या शिकाऱ्यांना दिसावं म्हणून भडक केशरी जॅकेट घालतात ते चालतं, हरणाला केशरी नीट ओळखू येत नाही, पण निळसर उजेड चांगला दिसतो आणि अंधारात स्क्रीनचा उजेड तसलाच. शिवाय मान खाली घातली की हरीण येऊन जातं पण. आणि आपण येवल्याजवळ ममदापूरच्या काळवीट राखीव क्षेत्रात काय करतो, तर निम्मी मंडळी तिथंच रील एडिट करत बसतात. माझं मत, फोन गाडीत.

मिसळप्रेमी: काका शिकार वेगळी, बघणं वेगळं. मोकळ्या माळावर काळवीटाला तुम्ही लांबूनच दिसता, फोन असो नसो. सगळ्यांकडे दुर्बीण, कॅमेरा नसतो. आणि माझ्या आईला शुगर आहे, घरून कधी फोन येईल सांगता येत नाही. सायलेंट करा की, झालं.

माळढोक७: सायलेंटवाले दोन मिनिटांत "फक्त एकच फोटो" वर येतात 😀 ताडोबाच्या कोअरमध्ये (आतल्या मुख्य जंगलात) २०१८ पासूनच मोबाईल बंद केले, कोणी मेलं नाही. उमरेडच्या अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ ला पर्यटकांनी वाघीण आणि तिचे पाच बछडे अडवले, हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली. विसरलात?

मिसळप्रेमी: सफारीच्या जिप्स्यांनी अडवले, मोबाईलनी नाही.

माळढोक७: जिप्सी एवढी पुढं घुसवतात कशासाठी? फोटोसाठीच ना भाऊ.

राजापूरकर: आमच्या ममदापूर-राजापूरच्या रानात या मग बोला. मका, हरभरा खातात ते आम्ही सोसतो. उन्हाळ्यात पाण्यासाठी फिरताना मागं कुत्री लागतात, कठडा नसलेल्या विहिरीत पडतात, तेव्हा वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाईन नंबरला फोन लावावाच लागतो. फोन गाडीत ठेवून काय करता? पण मोटारसायकलवर कळपामागं पळत एका हातानं शूटिंग करणारी पोरं पण बघितलीत, गाभण माद्या असतात त्यात. त्यांना आवरा. आणि कळप कुठंय ते लोकेशन ग्रुपवर टाकू नका, बघायला येणारे सगळे तुमच्यासारखे नसतात.

गोदाकाठचा काका: १९२६ चं पटलं. मग एका गाडीत एकच फोन चालू, बाकीचे डिक्कीत. रविवारी पहाटे नाशिकच्या द्वारका चौकात भेटू.

मिसळप्रेमी: येतो. माझा डिक्कीत जाणार नाही, आत्ताच सांगतो.