मदत हवी आहे : चित्रपटाच्या लेखातला 'ऐतिहासिक चुका' विभाग दोनदा उडवला

शिरवळकर
एका खुल्या ज्ञानकोशात चित्रपटाच्या लेखात मी 'ऐतिहासिक चुका' असा विभाग लिहिला. चौदा मुद्दे, प्रत्येकाला ग्रंथाचं नाव आणि पान क्रमांक. दोनदा काढून टाकला. कारण काय, तर 'स्वतःचे संशोधन'. मी कसलं संशोधन केलं? छापलेलंच लिहिलं ना! तिसऱ्यांदा टाकला तर खातं बंद करणार म्हणे. लवकर सांगा, रविवारी परत टाकणार आहे.

मीनल
चित्रपट कोणता? ग्रंथ कोणते? दोन-तीन मुद्दे तरी इथे द्या, नाहीतर काय सांगणार?

खटपट्या
अशा चुका मी वहीत टिपून ठेवतो. पौराणिक चित्रपटात मनगटी घड्याळ, मागे विजेचे खांब. त्यासाठी वेगळी संकेतस्थळं आहेत, तिथे टाका.

शिरवळकर
घड्याळाचं नाही हो! 'बाजीराव मस्तानी', २०१५. ग्रंथ म्हणजे सरदेसाईंची 'मराठी रियासत'. पिंगा, तो आरसे महाल, साखळदंडातला मस्तानीचा मृत्यू.

घाटावरचा
टाकाच परत. रियासत किती जण उघडतात आणि चित्रपट किती जण बघतात? माझ्या भाचीने शाळेच्या प्रकल्पात काशीबाई-मस्तानीचा नाच खरा म्हणून लिहिला होता. तिने तपासायला ज्ञानकोशच उघडला आणि तिथे एक अक्षर नाही.

मीनल
भाचीचं पटतं. तरी उडवणाऱ्याचं बरोबर आहे. रियासतीत या चित्रपटाबद्दल काही असणं शक्यच नाही. चित्रपट एका बाजूला, ग्रंथ दुसऱ्या बाजूला ठेवून 'ही चूक' हा निवाडा शिरवळकर, तुम्ही केलात. तेच स्वतःचं संशोधन. ती तुलना एखाद्या इतिहासकाराने किंवा समीक्षकाने छापून केलेली हवी, मग तिचा हवाला द्या.

घाटावरचा
म्हणजे डोळ्यांना दिसतं ते लिहायचं नाही?

मीनल
डोळे फसतात. आरसे महालच घ्या. शनिवारवाड्यात 'जुना आरसा महाल' होता, नोंद आहे. तो कोणत्या पेशव्याच्या वेळचा, पडद्यावरच्यासारखा होता का, हे कोण ठरवणार? वाडा तर १८२८ च्या आगीत गेला. यादीतला हा मुद्दा कदाचित आपलीच चूक ठरेल.

परदेशस्थ
'ब्रेव्हहार्ट'चा लेख बघा, स्कॉटलंडच्या विल्यम वॉलेस या लढवय्यावरचा इंग्रजी चित्रपट. स्टर्लिंगच्या पुलाची लढाई (१२९७) चित्रपटात पुलाशिवायच होते. वॉलेसला १३०५ मध्ये मारलं तेव्हा फ्रान्सची राजकन्या इझाबेला दहाएक वर्षांची होती, चित्रपटात तिचं त्याच्याशी प्रेमप्रकरण. यावर इतिहासकारांनी चित्रपटाचं नाव घेऊन लिहिलंय, म्हणून तो विभाग टिकतो. आणि तो परिच्छेदांत आहे, यादी नाही. यादी केली की येणारा-जाणारा एकेक ओळ जोडत जातो.

जुना_वाचक
मुळात चित्रपट ना. सं. इनामदारांच्या 'राऊ' कादंबरीवर आहे. १९७२ ची कादंबरी. चुका मोजायच्या तर आधी कादंबरीकाराने काय बदललं आणि दिग्दर्शकाने काय, हे वेगळं करा.

खटपट्या
राऊ फार सुंदर आहे. बाजीरावांची समाधी रावेरखेडीला ना? नर्मदेकाठी? पुण्याहून गाडीने किती तास?

शिरवळकर
खटपट्या, त्याचा वेगळा धागा काढा, कृपया.
मीनल, आरसे महाल काढतो. तेवढं मला माहीत नव्हतं. पण मस्तानीचं मी सोडणार नाही. तिची कबर पाबळला आहे, गावातली माणसं दाखवतात, मी स्वतः जाऊन आलोय. ज्या बाईला जिवंतपणी घरात जागा मिळाली नाही, तिचा शेवट तरी कोणी मनाने रचू नये.

मीनल
मग तेवढ्यासाठी हवाला शोधा. प्रदर्शनाच्या वेळी, म्हणजे डिसेंबर २०१५ च्या आसपासचे पुण्याचे अंक ग्रंथालयात बसून चाळा. 'पिंगा'वर पेशव्यांच्या वंशजांनी हरकत घेतली होती, तिच्या बातम्या आल्या होत्या. 'चूक' हा शब्द नको. कोणी, कधी, काय म्हटलं तेवढंच. आणि आधी चर्चा पानावर मांडा, थेट लेखात नको.

शिरवळकर
एक वाक्य केलंय : "काशीबाई व मस्तानी एकत्र नाचतात या दृश्याला पेशव्यांच्या वंशजांनी प्रदर्शनापूर्वी हरकत घेतली, कारण ते साफ खोटे आहे." चालेल?

मीनल
'कारण'पासून पुढचं काढा. वंशजांचं कारण त्यांच्याच शब्दांत, बातमीच्या तारखेसह.

घाटावरचा
मला 'साफ खोटे'च आवडलं. भाचीला तेच कळलं असतं.

खटपट्या
रावेरखेडीचा धागा काढलाय, कोणी गेलं असेल तर तिकडे या.