मदत हवी आहे : यूट्यूबवर माझे समालोचन लोकांना कळत नाही (रविवारी फायनल!)

अडवी_बॅट
बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात स्पर्धांना बोलायला जातो. मैदानावर सगळे खूष, पण यूट्यूबवर खाली "काय बोलालाय कळेना झालंय" अशाच कमेंटा. दुपारपर्यंत आवाजही बसतो. पुढे यातच काम करायचे आहे, आकाशवाणी नाहीतर टीव्ही. कोर्स कुठला करू? रविवारी फायनल आहे, लवकर सांगा की ओ. "प्रॅक्टिस कर" हे नको.

लोण_पूर्ण
खेळ कुठला ते लिहिलेच नाही. कबड्डी धरून सांगतो. चढाई ३० सेकंदांची. सुरू होताच तीन गोष्टी सांगायच्या: चढाईपटू कोण, समोर बचावपटू किती, तिसरी निर्णायक चढाई आहे का. समोर सहा किंवा जास्त असले तरच बोनस, तीन किंवा कमी असले तर अव्वल पकडीला एक गुण जादा. हा आकडा गाळून "काय ती चढाई!" म्हणून ओरडलात तर ऐकणाऱ्याच्या हाती काय?

अडवी_बॅट
कबड्डी नव्हं ओ. टेनिस बॉल क्रिकेट. आमच्याकडे दुसरे काय असते?

तांबडी_माती
बोलायला शिकायचे तर कुस्तीचे निवेदन ऐका. आनंदवाडी आखाड्यात मैदान भरले की जा. पैलवान कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, हे निवेदकाला पाठ असते. डाव ढाक आहे की घिस्सा, हे कुस्ती चितपट व्हायच्या आत तोंडातून आले पाहिजे. क्रिकेटवाल्यांना दोन चेंडूंच्या मध्ये एवढा मोकळा वेळ मिळतो, तरी अडखळतात.

लोण_पूर्ण
मोकळा वेळ? तेवढ्यात चिठ्ठ्या येतात. "पुढच्या षटकाराला अमुक साहेबांकडून ५०० रुपये." ती वाचेपर्यंत गडी बाद होऊन तंबूत.

फेडर_खाली
@अडवी_बॅट, कोर्स राहू दे. आधी हे सांगा: फोन कुठे असतो, त्यात आवाज कुठून जातो आणि तुमच्या कानात हेडफोन असतो का?

अडवी_बॅट
फोन साइटस्क्रीनशेजारी (गोलंदाजामागचा पडदा) स्टँडवर. आवाज कर्ण्यातून येतोच की. हेडफोन कशाला?

फेडर_खाली
मग दोष तुमच्या बोलण्यात नाही. आवाजाला ७० मीटर जायला ०.२ सेकंद लागतात. एक कर्णा फोनपासून २० मीटरवर आणि दुसरा ९० मीटरवर असला की प्रत्येक शब्द दोनदा पोचतो. मैदानावरचा माणूस जवळचा कर्णा ऐकतो, म्हणून त्याला त्रास नाही.

ॲम्प्लिफायरच्या मागे "लाइन आउट" (आवाज बाहेर काढायचे भोक) आहे का बघा. तिथून यूएसबी साउंड कार्ड आणि ओटीजीने (फोनला यूएसबी जोडायची छोटी वायर) फोनमध्ये जा. कर्ण्याच्या टर्मिनलवरून वायर अजिबात काढायची नाही. तिथे १०० व्होल्टपर्यंतची लाइन असू शकते, फोन जळेल. ३.५ मिमीच्या भोकात थेट घालायचे तर चार संपर्कांची पिन लागते. शिवाय लाइनचा आवाज माइकच्या भोकाला झेपत नाही, फाटतो, म्हणून मध्ये अटेन्युएटर, म्हणजे आवाज कमी करणारा जोड. आवाजाचा मीटर उणे १२ डीबीच्या आसपास ठेवा. शनिवारी खासगी लाईव्ह लावून तपासा, कारण सगळे फोन बाहेरचे कार्ड घेत नाहीत.

आवाज बसतो तोही याच गोंधळामुळे. स्वतःचे बोलणे नीट ऐकू आले नाही की माणूस आपोआप ओरडतो. एका कानावर बंद हेडफोन घ्या आणि माइक ओठांपासून दोन बोटे धरा. कर्णे तुमच्या पुढे, तोंड मैदानाकडे. मागे असले तर माइक शिट्टी मारणार आणि मंडपवाला तुमचाच आवाज कमी करणार.

घाटावरचा
एवढे कशाला? वायरलेस कॉलर माइक लावा, काम झाले.

फेडर_खाली
मंडपापासून साइटस्क्रीनपर्यंत मध्ये चारशे माणसे उभी असतात. स्वस्तातला कॉलर माइक तिथे तुटत तुटत पोचतो.

घाटावरचा
बरं. आणि निम्मे कन्नडात बोला, प्रेक्षक वाढतील.

तांबडी_माती
का म्हणून? ऐकणारे मराठी, संघ मराठी.

लोण_पूर्ण
सगळे संघ कुठे मराठी? हल्ली अथणी-गोकाककडून येतातच की. वर्णन एका भाषेत, षटकाअखेर धावसंख्या दोन्हीत. चेंडूगणिक दोन्ही भाषा करायला गेलात तर पुढचा चेंडू निघून जातो.

संपादक
सीमाप्रश्न दुसऱ्या धाग्यावर.

निपाणी_एक्सप्रेस
मूळ प्रश्नाकडे कोणी वळेल का? कोर्सची अट सहसा नसते. मराठीसाठी आकाशवाणीची जवळची केंद्रे सांगली आणि कोल्हापूर, धारवाड कन्नडसाठी. आवाज चाचणीची सूचना निघाली की अर्ज करायचा. तोवर सामन्याचा व्हिडिओ आवाज बंद करून लावा आणि दोन षटके बोलून रेकॉर्ड करा. क्रम असा: गोलंदाज, टप्पा, फटका, चेंडू कुठे गेला, धावा, धावसंख्या. चेंडू हवेत असताना वाक्य तीन-चार शब्दांचे. रेडिओवर सगळ्यात मोठी चूक म्हणजे धावसंख्या विसरणे. बेसबॉलचा रेडिओ समालोचक रेड बार्बर समोर तीन मिनिटांची वाळूची घटिका ठेवायचा, वाळू संपली की स्कोअर. टीव्हीवर उलटे, दिसते ते सांगत बसू नका.

२०२३ च्या आयपीएलला जिओसिनेमावर मराठी समालोचन होते. केदार जाधव त्यात होता, तिथूनच तो मध्येच बंगळूरच्या संघात गेला. माजी खेळाडू तज्ज्ञाच्या खुर्चीत बसतात, चेंडूगणिक वर्णन करणारा वेगळा. तुम्हाला जागा त्या दुसऱ्या खुर्चीत आहे. नमुना तीन-चार मिनिटांचा, न कापलेला पाठवा. आणि चिठ्ठ्या षटक संपल्यावरच वाचायच्या, हे आयोजकांना आधीच सांगून ठेवा.

घाटावरचा
रात्री दहानंतर कर्णा बंद हं, पोलिसांची परवानगी घेतली का?

अडवी_बॅट
मॅच सकाळची आहे ओ! लाइन आउट सापडले. पण त्याच ॲम्प्लिफायरवर चौकाराला डीजेची गाणी वाजतात, तीपण जाणार का?

फेडर_खाली
जाणार, आणि कॉपीराइटमुळे व्हिडिओ अडकणार. गाण्याला वेगळा ॲम्प्लिफायर मागा. पिन घेताना दुकानात काळ्या रेघा मोजा: तीन असल्या तर चार संपर्क, ती घ्या, दोनवाली परत करा.