बेन्नूवरची अमिनो आम्लं आपल्याच हाताची नाहीत कशावरून?

रात्रपाळी_केमिस्ट: बीएस्सी सेकंड इयरला आहे. बेन्नू लघुग्रहाच्या मातीत प्रथिनांतल्या 20 पैकी 14 अमिनो आम्लं आणि डीएनए-आरएनएचे पाचही बेस (म्हणजे त्यांची 'अक्षरं') सापडले असं वाचलं. पण आमच्या लॅबमध्ये टीएलसी प्लेटला (मिश्रणातले पदार्थ वेगळे करायची पातळ थराची पट्टी) नुसतं बोट लागलं तरी निनहायड्रिन (अमिनो आम्लं रंगाने दाखवणारं रसायन) मारल्यावर जांभळा ठसा उठतो, मग ते पृथ्वीवरचं नाही हे छातीठोकपणे कसं सांगतात?

गंधकवाला: शंका रास्त आहे. म्हणूनच माती थेट तिथून आणली. 1969 मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन उल्केतही अमिनो आम्लं मिळाली होती, पण ती जमिनीवर पडलेली, हाताळलेली, त्यामुळे शंका राहतेच. बेन्नूची 121.6 ग्रॅम माती सप्टेंबर 2023 मध्ये सीलबंद कॅप्सूलमधून यूटाच्या वाळवंटात उतरली आणि ह्यूस्टनला नायट्रोजनच्या पेटीत गेली. डब्याचे 35 पैकी दोन स्क्रू अडकले, तर त्या पेटीत चालतील अशी नवीन हत्यारं बनवेपर्यंत जानेवारी 2024 उजाडला, पण हवेत काही उघडलं नाही.

उजवा_डावा: आणि खरी मेख आरशात आहे. बहुतेक अमिनो आम्लांची डावी-उजवी अशी दोन रूपं असतात, दोन हातांसारखी एकमेकांची आरशातली प्रतिमा. जिवंत पेशी प्रथिनांसाठी डावीच अमिनो आम्लं वापरते, म्हणजे बोटाची घाण असती तर डाव्यांचाच भरणा दिसला असता. बेन्नूत डावी-उजवी जवळपास निम्मी-निम्मी आहेत. शिवाय आयसोव्हॅलिनसारखी, आपल्या प्रथिनांत नसलेलीही आहेत, ती तुझ्या बोटावर कुठून येणार! पावडर पाण्यात उकळून अर्क काढतात, मग क्रोमॅटोग्राफीने त्यातले पदार्थ वेगळे करून मास स्पेक्ट्रोमीटरला, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राला, देतात. जड नायट्रोजनचं (नायट्रोजन-15 या समस्थानिकाचं) प्रमाणही पृथ्वीपेक्षा जास्त आलंय.

भोचक_भाऊ: म्हणजे तिथे जीव होता ना? सरळ सांगा की.

उजवा_डावा: नाही हो भाऊ, उलट आहे, निम्मी-निम्मी म्हणजे जीवाशिवाय बनलीत. अमोनियाही भरपूर सापडलाय, बर्फाळ थंड जागेचं लक्षण ते.

रात्रपाळी_केमिस्ट: मग आपण डावे कसे झालो? मर्चिसनमध्ये आयसोव्हॅलिन डावीकडे झुकलेलं होतं ना, म्हणजे उल्कांनीच तो कल आणला असेल असं सर म्हणाले होते.

गंधकवाला: त्याच कल्पनेला बेन्नूने खीळ घातलीय, आता नव्याने डोकं खाजवणं सुरू आहे. तू एमएस्सी करून ये, किमान 70 टक्के माती पुढच्या लोकांसाठी राखून ठेवायचं ठरलंय.