चाळीचा लांबलचक पॅनोरमा: कठडे वाकतात, काय करावं?

खिडकी_तावदान:
गिरगावातल्या समोरासमोरच्या दोन चाळी. तळमजला अधिक दोन मजले, उंची ३० फुटांच्या आसपास, लांबी १००, मध्ये मोकळी जागा फक्त २० फूट. एपीएस-सी कॅमेरा, १८ मिमी, उभ्या फ्रेम. खाली मधोमध ट्रायपॉड लावून फ्रेम घेतल्या, ह्यूगिन या पॅनोरमा जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडल्या. सिलिंड्रिकल प्रोजेक्शनमध्ये (चित्र नळकांड्यावर गुंडाळल्यासारखं) कठडे धनुष्यासारखे वाकतात, रेक्टिलिनिअरमध्ये (सरळ रेषा सरळच ठेवणारं) टोकाकडचे खांब आणि गॅलरीतल्या वस्तू रबरासारख्या ताणतात. कठडे सरळ आणि टोकं न ताणलेली, दोन्ही एकदम जमतं का?

ओळंबा:
एका जागेवरून नाही जमणार. समोरच्या चाळीला अगदी टेकून, लांबीच्या मधोमध उभं राहून दोन्ही टोकं धरायची तरी कोन १३६ अंशांपर्यंत जातो. रेक्टिलिनिअर १००-११० च्या पुढेच कुरकुरायला लागतं. सिलिंड्रिकलमध्ये उभ्या रेषा सरळ राहतात, पण आडव्यांपैकी फक्त कॅमेऱ्याच्या उंचीवरची. दुसऱ्या मजल्याचा कठडा सर्वांत वर, म्हणून त्याची कमान सर्वांत जास्त. पानिनी प्रोजेक्शन बोळात किंवा लांब गॅलरीच्या आत मस्त चालतं, कारण मधल्या बिंदूकडे धावणाऱ्या रेषा ते सरळ ठेवतं. समोरच्या सपाट दर्शनी बाजूला त्याचा उपयोग नाही.

चालता_ट्रायपॉड:
कॅमेरा फिरवू नका, सरकवा. समोरच्या चाळीच्या पहिल्या मजल्यावरची गॅलरी म्हणजे आयता रूळ आहे: सरळ, समांतर आणि उंचीही नेमकी. जमिनीवरून १८ मिमीला वरचे १०-१२ फूट कापले जातात. त्या गॅलरीतून, म्हणजे १६ फूट उंचीवरून, ३ ते २९ फूट मिळतात. कौलांची कड हवी असेल तर १६ मिमी लावा. एका फ्रेममध्ये साधारण १७ फूट रुंदी येते, शेजारच्या फ्रेमशी ६० टक्के ओव्हरलॅप हवा, म्हणजे सात-सात फुटांवर एक, एकूण १३ फ्रेम. कठड्यावर खडूने खुणा करा. एफ/८, सगळं मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स आणि फोकस लॉक. ढगाळ दिवस निवडा, नाहीतर निम्मी चाळ उन्हात आणि निम्मी काळी.

ह्यूगिनमध्ये रेक्टिलिनिअर ठेवून प्रत्येक फ्रेमचं एक्स, वाय, झेड स्थलांतर (कॅमेरा किती सरकला ते) ऑप्टिमाइझ करा. एक फ्रेम स्थिर ठेवा, लेन्सचा कोन मोकळा सोडू नका.

खिडकी_तावदान:
गॅलरी चार फूट खोल आहे. मागची दारं जुळतील?

ओळंबा:
नाही जुळणार, आणि सगळी मेख तिथेच आहे. कठडा २० फुटांवर, दारं २४ वर. सात फूट सरकलं की दोघांच्या सरकण्यात २४ मेगापिक्सेलच्या फ्रेमवर सुमारे २७० पिक्सेलचा फरक पडतो. कठडा जुळवलात तर प्रत्येक जोडावर मागच्या भिंतीचा जवळजवळ दीड फूट भाग दोनदा येतो. आपोआप निवडलेले कंट्रोल पॉइंट (दोन फ्रेम जुळवायचे सामाईक बिंदू) दारांवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवरही बसतात, ते सगळे उडवा. फक्त कठडा आणि खांबांच्या पुढच्या कडेवरचे ठेवा. मग मास्क लावून (फ्रेमचा नको तो भाग झाकून) प्रत्येक जोड खांबावर आणा. खांबाच्या डावीकडे एक फ्रेम, उजवीकडे दुसरी, म्हणजे दार मधोमध चिरलं जात नाही. खांबांमधलं अंतर सात फुटांच्या जवळपास असेल तर खडूही नको, दर खांबासमोर एक फ्रेम. कपडे हलतातच, म्हणून प्रत्येक जागी दोन-तीन फ्रेम घ्या.

उलटा_चौक:
सरळ कठड्यांचा एवढा अट्टहास कशाला, हा माझा प्रश्न. तेच दोन चाळींच्या मधोमध उभं राहून ३६० अंश घ्या, स्टिरिओग्राफिक प्रोजेक्शन लावा आणि पिच (वर-खाली कल) ९० अंशांनी असा फिरवा की आकाश मधोमध येईल: आकाशाची पट्टी मध्ये आणि गॅलऱ्या तिच्याभोवती गोल. इथे मात्र लेन्सची जागा हलता कामा नये. मोबाइल असेल तर लेन्सखाली दोऱ्याला वजन बांधून सोडा, ते जमिनीवरच्या नाण्यावरून हलू द्यायचं नाही. वरच्या वायरींवर चुका लगेच दिसतात. संध्याकाळी ट्यूबलाइट लागल्यावर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्याहून वेगवान शटरला फ्रेमागणिक उजेड बदलतो आणि जोड पट्ट्यांसारखे उठून दिसतात.